पहाऱ्यावरचा सातभाई नेमका कुणासाठी बसतो?

माळरान:

शिवाजी विद्यापीठाच्या आवारात सकाळी चक्कर मारणाऱ्यांना सातभाई नवे नाहीत. सगळा थवा खाली पाचोळा उलटत किडे शोधत असतो, कलकलाट चाललेला असतो, आणि एक जण बऱ्याचदा उंच फांदीवर बसलेला दिसतो. तो खात नाही, मान वळवत राहतो. शिक्रा दिसला की ओरडतो आणि सगळे झुडपात. काही वेळानं तो खाली येतो, दुसरा कुणीतरी वर जातो.

आमच्या पक्षीनिरीक्षणाच्या गटात या एका पक्ष्यावरून मोठा वाद झाला. काहींच्या मते हा सरळ त्याग: उपाशी राहून, स्वतः उघड्यावर बसून इतरांना वाचवणं. काहींच्या मते त्याग वगैरे काही नाही, वर बसणाऱ्यालाच धोका सगळ्यात आधी दिसतो, म्हणजे तो स्वतःलाच वाचवतो. दोन्ही बाजू ठामपणे बोलत होत्या, पण दोघांकडेही पुरावा नव्हता. म्हणून मी जे वाचलंय ते इथे मांडते. माझं मत असं की वाद चुकीच्या जागी अडकलाय. पहारेकऱ्याला फायदा होतो की नाही, एवढ्यावर काहीच ठरत नाही. सोबती असताना तो एकट्यापेक्षा वेगळं वागतो का, हे बघायला हवं.

सुरुवात झहावींपासून करते. आमोत्झ झहावी या इस्रायली शास्त्रज्ञांनी आयुष्याचा मोठा भाग अरवाच्या वाळवंटात, हात्झेवा इथे, अरबी सातभाईंमागे घालवला. आपल्या सातभाईंचेच भाऊबंद ते. झहावींना दिसलं की थव्यातला वरचढ नर पहाऱ्यासाठी पुढे पुढे करतो, कनिष्ठ पक्षी बसला असेल तर त्याला उठवून स्वतः बसतो. त्यांनी निष्कर्ष काढला की पहारा म्हणजे प्रतिष्ठा मिरवणं. "मला उपाशी बसणं परवडतं, बघा" असं सांगणं. १९७५ साली त्यांनी मांडलेल्या तत्त्वाशी हे जुळणारं होतं: ज्या खुणेची किंमत मोजावी लागते तीच खुण खरी, कारण दुबळ्याला ती परवडत नाही.

पुढे जोनाथन राइट आणि सहकाऱ्यांनी त्याच जातीवर प्रयोग केले आणि २००१ मध्ये ते प्रसिद्ध झाले. पहाऱ्यासाठी चढाओढ त्यांना दिसली नाही. दिसलं ते असं की जादा खाऊ मिळालेला पक्षी जास्त वेळ पहाऱ्याला बसतो. ज्याचं पोट भरलेलं, तो वर. बाकी काय म्हणता?


राधानगरीकर:

ताई, लई चांगला धागा काढलासा. मी शास्त्र शिकलेलो न्हाई, पण राखणीचं मला कळतंय. आमच्याकडं अभयारण्याच्या कडेला शेती आहे. गवं उतरत्यात, रानडुकरं तर रोजचीच. भात पोटरीला आलं की वाडीतली माणसं पाळीपाळीनं रातच्या राखणीला माळ्यावर बसत्यात. आणि राखणीला जाणारा माणूस पोटभर जेवूनच जातोय. उपाशीपोटी कोण रात्र काढंल? आता तो जेवून गेला म्हणून त्यानं दुसऱ्याचं पीक राखलंच न्हाई, असं कुणी म्हणत न्हाई. त्याचं बी रान त्यातच आहे, ही गोष्ट येगळी.


पंचगंगाकाठ:

दादा, तुमचा मुद्दा पोचला, पण तुमच्या शेवटच्या वाक्यातच सगळं अडलंय. "त्याचं बी रान त्यातच आहे." मग त्याला परोपकार का म्हणायचं? स्वतःचं राखताना शेजाऱ्याचं आपोआप राखलं गेलं, इतकंच.

टिम क्लटन-ब्रॉक यांचं मीरकॅटवरचं काम बघा. कलाहारी वाळवंटातलं हे मुंगसाच्या कुळातलं प्राणिजात. वाळूत विंचू, किडे उकरत असतात, तेव्हा डोकं खाली. म्हणून एक जण वाळवीच्या वारुळावर किंवा झुडपावर चढून उभा. वर्षानुवर्षं याची छायाचित्रं त्यागाचं उदाहरण म्हणून दाखवली गेली. १९९९ साली 'सायन्स' नियतकालिकात त्यांनी आकडेवारी मांडली. पहारेकरी धोका सगळ्यांत आधी हेरतो आणि बहुधा बिळाच्या जवळच उभा असतो, त्यामुळे आत सुटायला त्याला वेळ मिळतो. काही मीरकॅटना उकडलेलं अंडं खाऊ घातलं, तर त्यांचा पहारा वाढला. बाहेरून येऊन कळपात सामील झालेलेही पहारा देतात, म्हणजे रक्ताचं नातं हे कारण पुरत नाही. एकटं पडलेलं मीरकॅटसुद्धा उंचावर चढून बघतं.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. माळरानताई, तुमचीच कसोटी. सोबत कुणी नसतानाही तो तेच करतो. मग प्रश्न संपला की!


माळरान:

नाही संपला. एकटं मीरकॅट पहारा देतं, यावरून पहाऱ्याचा पाया स्वतःच्या सुरक्षिततेत आहे एवढं कळतं. ते मला मान्यच आहे. पण सोबतीला पिल्लं आली की काय होतं? क्लटन-ब्रॉक यांनीच पीटर सँटेमा यांच्यासोबत २०१३ मध्ये हे तपासलं. पिल्लं बिळातून बाहेर पडून मोठ्यांमागे चरायला हिंडू लागली की मदतनीस मीरकॅटांचा पहारा वाढतो. हे मदतनीस त्या पिल्लांचे आईबाप नसतात, मोठी भावंडं किंवा इतर नातलग असतात. शिकारी पक्षी तेच, उंचवटा तोच, बदललं फक्त सोबत कोण आहे ते. हा वाढीव पहारा निव्वळ स्वतःपुरता आहे असं म्हणायला मला तरी जागा दिसत नाही.

म्हणजे एकाच प्राण्याच्या एकाच कृतीत दोन थर आहेत. खालचा स्वतःसाठी, वरचा इतरांसाठी. आपण मात्र एकच शिक्का मारायला बघतो.


संध्या_कळंबा:

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे या धाग्यात पडल्याशिवाय राहवत नाही.

जीवशास्त्रात त्याग मोजायचा तो मनातल्या हेतूवरून नव्हे, हिशोबावरून: कृती करणाऱ्याची पिल्लं पुढच्या पिढीत किती कमी होतात आणि दुसऱ्याची किती वाढतात. हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये याचं सूत्र दिलं. दुसऱ्याला होणाऱ्या फायद्याला नात्याच्या जवळिकीनं गुणायचं, तो गुणाकार आपल्या तोट्यापेक्षा मोठा असेल तर असं वागणं नैसर्गिक निवडीत टिकतं. सख्ख्या भावंडाला अर्धा, चुलत भावंडाला एक अष्टमांश. हा विचार त्याआधी जे. बी. एस. हॉल्डेन यांच्याही बोलण्यात होता असं सांगतात. हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले, हे माझ्या विद्यार्थ्यांना मी दरवर्षी आवर्जून सांगते.

आता पुरावा. पॉल शर्मन यांनी कॅलिफोर्नियात टायोगा खिंडीजवळ जमिनीवरच्या खारींचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. खारींना खुणा केलेल्या, कोण कुणाची मुलगी हे ठाऊक. १९७७ चा निष्कर्ष असा: कोल्हा किंवा बिज्जूसारखा जमिनीवरचा शिकारी आला की ज्यांच्या लेकी-बहिणी आसपास राहतात त्या माद्या जास्त ओरडतात. नर मोठे झाले की दूर निघून जातात, त्यांचं नातलग जवळ कुणी नसतं, ते कमी ओरडतात. आणि ओरडणारीच्या मागे शिकारी लागण्याची शक्यता खरंच वाढते. म्हणजे इथे तोटा आहे, आणि तो नात्यासाठी सोसलाय.

पण त्याच खारी ससाणा दिसला की वेगळी शिट्टी मारतात. १९८५ मध्ये शर्मन यांनीच दाखवलं की तेव्हा शिट्टी मारणारी जास्त सुरक्षित राहते. सगळ्या एकदम पळतात, त्या गोंधळात तिचा जीव वाचतो. प्राणी तोच, धोका बदलला, हिशोब उलटला. "प्राणी परोपकारी असतात का" हा प्रश्न वर्गात आला की मी विचारते: कुठला प्राणी, कुठल्या शत्रूसमोर?


पंचगंगाकाठ:

मॅडम, शर्मन यांचं काम निर्विवाद. पण तो इशारा झाला, पहारा नव्हे. ओरडणं क्षणाचं, पहारा तासन्‌तास. ओरडण्यात धोका असू शकतो हे मी मानतो. उंचावर बसण्यात धोका आहे हे कुणी दाखवलंय का? मीरकॅटबद्दल उलटंच दिसलं.


संध्या_कळंबा:

दाखवलंय. अमांडा रिडली आणि सहकाऱ्यांनी कलाहारीतल्याच काळ्या-पांढऱ्या सातभाईंवर २०१३ मध्ये हे तपासलं. तिथे पहारेकरी आडोशापासून जास्त दूर असतो आणि धोक्याच्या वेळी सुरक्षित जागी पोचायला त्याला चरणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणजे मीरकॅटचं उत्तर सातभाईंना जसंच्या तसं लागू होत नाही. मीरकॅटला बीळ असतं, पक्ष्याला नसतं.

पहाऱ्याचा इतरांना फायदा काय, हेही याच पक्ष्यांवर मोजलंय. पहारेकरी बसल्या बसल्या बारीक आवाज काढत राहतो. लिंडा होलेन, मॅथ्यू बेल आणि अँड्र्यू रॅडफर्ड यांनी २००८ मध्ये तो आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकवला. चरणारे पक्षी मान कमी वेळा वर करू लागले, एकमेकांपासून जास्त पांगले आणि त्यांना अन्न जास्त मिळालं. कुणीतरी बघतंय हे कानावर पडत राहणं, एवढ्यानं पोट जास्त भरतं.


दाजीपूरवाट:

मी दाजीपूरच्या जंगलात पाहुण्यांना वाट दाखवायला जातो. राधानगरी अभयारण्य १९५८ साली गव्यांसाठी जाहीर झालं, त्याआधी ते कोल्हापूरच्या महाराजांचं शिकारीचं राखीव रान होतं. आज ३५१ चौरस किलोमीटर आहे. जंगलात वाटाड्याचं निम्मं काम दुसऱ्यांचे इशारे ऐकण्याचं असतं. शेकरू खेकसलं, वानर खाकरलं, की आम्ही थांबतो.

मला वानराबद्दल विचारायचंय. मोठा नर झाडाच्या शेंड्यावरून इतक्या जोरानं ओरडतो की खालच्या दरीत ऐकू जातं. बिबट्यालाही कळतंच की तो कुठे बसलाय. मग हा धोका तो का पत्करतो? आणि बऱ्याचदा बिबट्या निघून गेला तरी ओरडत राहतो.


माळरान:

दादा, यावर सुमात्रात फार सुंदर काम झालंय. तिथली थॉमस वानरं आपल्या वानरांच्या जवळचीच. सर्ज विच आणि लिस्बेथ स्टर्क यांनी वाघाचं सोंग दाखवून बघितलं. कळपात राहणारे नर ओरडले, एकटे हिंडणारे नर ओरडले नाहीत. ऐकायला कुणी असेल तरच ओरडायचं. पुढे विच आणि हान डी व्रीस यांनी २००६ मध्ये दाखवलं की कळपातल्या प्रत्येकानं निदान एकदा तरी प्रत्युत्तराची हाक देईपर्यंत नर ओरडत राहतो. म्हणजे कुणाला कळलंय आणि कुणाला नाही याची नोंद तो ठेवतो. माझी कसोटी इथे अगदी स्वच्छ लागू पडते, आणि वानर तीत उतरतं.

धोक्याबद्दल बोलायचं तर बिबट्या दबा धरून शिकार करतो. आफ्रिकेत 'ताई' नावाच्या जंगलात क्लाउस झुबरब्यूलर आणि सहकाऱ्यांना १९९९ मध्ये दिसलं की माकडांनी ओरडा केला की बिबट्या दबा सोडून निघून जातो. म्हणजे ती हाक बिबट्यालाही असते: तू दिसलास, आता जा.


पंचगंगाकाठ:

बघा, परत फायदा आलाच. नर ओरडतो कारण कळपात त्याची पिल्लं आहेत. बाप पिल्लांना वाचवतो याला परोपकार कोण म्हणतं?


राधानगरीकर:

काका, तुमी सगळीकडं फायदाच हुडकताय. फायदा दिसला की उपकार खोटा, असं कसं? मग आई बी स्वार्थीच म्हणायची का?


पंचगंगाकाठ:

आईच्या मायेला मी खोटं म्हणत नाही, राधानगरीकर. माझं म्हणणं मर्यादित आहे. माणसं प्राण्यांच्या गोष्टी सांगून माणसांना उपदेश करतात: मीरकॅट बघा कसा समाजासाठी उभा राहतो, तुम्हीही राहा. मला ते पटत नाही. माणसाला समाजासाठी उभं राहायचं असेल तर त्यानं स्वतःच्या विवेकानं राहावं. मीरकॅटच्या खांद्यावर ते ओझं कशाला? आणि मीरकॅटला जे करायचंय ते आपण आहे तसं बघावं. मला तेवढंच पुरेसं आश्चर्याचं वाटतं.


माळरान:

हे मात्र मनापासून पटलं. मी या वादात पडले तेही याचसाठी. त्यागी म्हणा की स्वार्थी, दोन्ही शिक्के मारणाऱ्याला पुढे पक्ष्याकडे बघायची गरज वाटत नाही.


कागलकर:

नातं नसेल तर? सगळी उदाहरणं नात्यागोत्याची चाललीत म्हणून विचारतो.


संध्या_कळंबा:

चांगला प्रश्न. दोन उदाहरणं देते.

पहिलं माशांचं. ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळ भिंतीवरचे ससामासे जोडीनं राहतात. सायमन ब्रँडल आणि डेव्हिड बेलवुड यांनी २०१५ मध्ये नोंदवलं की एक मासा कपारीत तोंड खुपसून शेवाळ खातो, तेव्हा दुसरा डोकं वर करून पाण्यात उभा राहतो. मग पाळी बदलते. एकमेकांवाचून दोघांचंही अडतं, हे परस्परांचं देणंघेणं. रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७१ मध्ये मांडलेली कल्पना अशीच: आज मी तुझ्यासाठी, उद्या तू माझ्यासाठी. मासे हे करत असतील असं फारसं कुणाला वाटलं नव्हतं.

दुसरं मला जास्त आवडतं. दक्षिण आफ्रिकेतली ठेंगणी मुंगसं. जुली कर्न आणि अँड्र्यू रॅडफर्ड यांनी २०१८ मध्ये एक नाजूक प्रयोग केला. दिवसा एखाद्या मुंगसाच्या पहाऱ्याच्या हाका ध्वनिमुद्रणावरून जास्त ऐकवल्या, म्हणजे बाकीच्यांना वाटावं की आज यानं बराच पहारा दिला. संध्याकाळी बिळाशी परतल्यावर त्या मुंगसाचे केस इतरांनी जास्त वेळ विंचरले. म्हणजे काम लक्षात राहतं आणि त्याची परतफेड काही तासांनी, वेगळ्याच चलनात होते. यात नात्याचा हिशोब नाही, आणि "मी आधी पळेन" हाही नाही.


कागलकर:

मग मधमाशी? आमच्या गावच्या पाण्याच्या टाकीला आग्या मोहोळ दरवर्षी लागतं. डंख मारला की माशी मरते हे लहानपणापासून ऐकतोय. इथे तरी काका फायदा कुठून काढणार?


पंचगंगाकाठ:

इथे नाही काढत. कामकरी माशीच्या नांगीला उलटे काटे असतात. माणसाच्या किंवा जनावराच्या कातडीत ती रुतली की पोटातला भाग तुटून मागे राहतो आणि माशी मरते. तिच्या स्वतःच्या जिवाचा तोटा संपूर्ण आहे. मोजणीच्या भाषेत याहून मोठा त्याग नाही, आणि मी तो मान्य करतो.


संध्या_कळंबा:

एक भर घालते, कारण पुस्तकांत हे फार सोपं करून सांगितलेलं असतं. मधमाशांच्या बहिणींत तीन चतुर्थांश नातं असतं म्हणून त्या मरतात, असं सांगितलं जातं. पण ते राणी एकाच नराशी जुगली तर. मधमाशांची राणी अनेक नरांशी जुगते, आग्या मोहोळाची तर फारच. त्यामुळे पोळ्यातल्या बऱ्याच माशा सावत्र बहिणी असतात. तरीही त्या मरतात, कारण कामकरी माशी स्वतः सहसा वंश वाढवत नाही. तिच्यासाठी पोळं वाचणं हाच वंश पुढे जाण्याचा मार्ग. मोहोळाच्या दारावर पहारा देणाऱ्या माशा आयुष्याच्या उत्तरार्धात तिथे येतात, आधी घरातली कामं करून. अशीच गोष्ट फ्रेंच गयानातल्या एका वाळवीची २०१२ मध्ये समोर आली: म्हाताऱ्या कामकऱ्यांच्या पाठीवर निळे स्फटिक साठतात आणि हल्ला झाला की त्या स्वतःचं अंग फोडून शत्रूवर विषारी थेंब सोडतात. जितकं वय जास्त, तितका साठा जास्त. ज्याच्या आयुष्याचे दिवस कमी उरलेत त्याच्या त्यागाची किंमत कळपाला सगळ्यात कमी पडते. मला ही माहिती पहिल्यांदा वाचली तेव्हा फार अस्वस्थ व्हायला झालं होतं.


दाजीपूरवाट:

मॅडम, कोतवाल पक्ष्याचं राहिलं. आमच्या जंगलात पल्लवपुच्छ कोतवाल मिश्र थव्यासोबत फिरतो, शिक्रा आला की पहिली हाक त्याचीच. पण तो नकलाही करतो.


माळरान:

दादा, आफ्रिकेतला त्याचा भाऊबंद तर खोटी हाकही देतो. टॉम फ्लॉवर यांनी कलाहारीत दाखवलं: कोतवाल मीरकॅटांसाठी आणि सातभाईंसाठी बहुतेक वेळा खरा पहारा देतो, पण कुणी मोठा किडा उकरला की धोक्याची हाक देतो, सगळे पळतात, किडा याला. एकच हाक वारंवार फसवली की ऐकणारे दाद देत नाहीत, तेव्हा तो दुसऱ्या जातीच्या हाकेची नक्कल करतो. २०१४ चं काम. आणि मीरकॅट तरीही त्याचं ऐकतात, कारण बाकीच्या वेळा तो खरं सांगतो.


राधानगरीकर:

मग आपल्या सातभाईंचं ठरलं काय शेवटी?


माळरान:

आपल्या सातभाईंवर अँथनी गॅस्टन यांनी दिल्लीत १९७० च्या दशकात काम केलं. थवा वर्षभर एकत्र राहतो, घरट्यातल्या पिल्लांना सगळे मिळून भरवतात. म्हणजे मीरकॅटसारखीच परिस्थिती: नातलग, मदतनीस, पिल्लं. माझा अंदाज असा की पिल्लं घरट्यातून बाहेर पडल्यावर पहारा वाढायला हवा.

आपल्याकडे पक्ष्यांच्या पायात कडी नाहीत, त्यामुळे कोण कुणाचा भाऊ हे कळणार नाही. पण थवा किती जणांचा, त्यात चोच उघडून अन्न मागणारी पिल्लं आहेत का, वर कुणी बसलंय का, आणि तो जवळच्या दाट झुडपापासून किती पावलांवर बसलाय, एवढं कुणालाही लिहिता येतं. शिक्रा आलाच तर पहारेकरी सगळ्यांच्या आधी झुडपात शिरला की नंतर, हे जरूर लिहा. रिडली आणि क्लटन-ब्रॉक यांच्या निष्कर्षांतला फरक नेमका तिथेच आहे. खाऊ मात्र कुणी टाकू नका, त्यानं पक्ष्यांचं वागणं बदलतं आणि सगळ्या नोंदी वाया जातात. विद्यापीठ, कळंबा आणि राजाराम तलावाच्या काठी नियमित जाणाऱ्यांनी इथेच नोंदी टाकाव्यात. राधानगरीकर दादा, तुमच्या बांधावरच्या थव्याच्या नोंदी मला सगळ्यात आधी हव्यात, कारण तिथे शिकारी पक्षी शहरापेक्षा जास्त असणार.


राधानगरीकर:

लिहितो की. पावलं मोजून लिहितो. बांधावर बाभळीचं झुडूप आहे, त्यातच पळत्यात ते.